निळ्या रंगाखालचं नाव

डोंगरातल्या, तळ्याकाठच्या ताकेंगोनात बाप झालेल्या माणसाला त्याच्या बारशाच्या नावाने हाक मारणं म्हणजे चारचौघांत त्याची टोपी उडवणं. पहिलं मूल झालं की बाप ‘अमन’ होतो, आई ‘इनेन’ होते आणि पुढे त्या मुलाचं नाव लागतं. स्वतःचं नाव मग सरकारी कागदावर तेवढं उरतं. नातवंड झालं की तेही बदलतं. आजोबा असो की आजी, दोघंही ‘एम्पुन’ होतात आणि पुढे नातवंडाचं नाव. माणूस थकत जातो तसं त्याचं नाव लहान होत जातं, असं तिथले म्हातारे हसून सांगतात.

त्यामुळे अमन महबेंगीने जे केलं ते त्या गावात आधी कोणी केलं नव्हतं. त्याने आपलं नाव टाकून दिलं.

हा अमन महबेंगी म्हणजे बारीक चणीचा, उन्हाळा असो की थंडी कानटोपी न काढणारा माणूस. तळ्याच्या उत्तरेच्या काठाने बिंतांगपर्यंत मिनीबस चालवायचा. मुलगी एकच, महबेंगी. ती रांगत होती तेव्हा त्याने गाडी घेतली आणि मागच्या काचेखाली लाल रंगात, बोटभर जाडीच्या अक्षरांत तिचं नाव लिहून घेतलं. तेव्हापासून गाडीचंही नाव महबेंगी पडलं. बाजारात बायका एकमेकींना विचारायच्या, “महबेंगी गेली का गं?” “आत्ताच गेली, कोबीची पोती लादून.” एकदा शाळेत कोणीतरी “महबेंगीचा टायर फुटला” असं म्हणालं आणि पोरगी दिवसभर रडली होती. ही गोष्ट बाप प्रत्येक नव्या प्रवाशाला सांगायचा, आणि सांगताना गाडी हमखास हळू करायचा.

ताकेंगोन तसं फार मोठं शहर नाही, आणि लहानही नाही. मोठं असतं तर माणसाला तोंड लपवायला जागा मिळाली असती. लहान असतं तर लोक चार दिवस बोलून दमले असते. पण हे शहर नेमकं अशा मापाचं आहे की इथे बातमी दमत नाही. त्यातून तळ्याला वळसा घालणारा रस्ता एकच. बातमी उत्तरेच्या काठाने निघाली की बिंतांगला चहा पिऊन दक्षिणेच्या काठाने घरी परत येते, आणि येताना थोडी अंगाने भरून येते.

आणि ही बातमी तर अमन महबेंगीने स्वतःच्या गाडीतून नेऊन पोचवली होती.

झालं होतं असं. बिंतांगच्या अलीकडच्या एका वाडीत रुहदी नावाचा मुलगा होता. तळ्यात जाळी लावायचा, डेपिक मासळी धरायचा. विधवा आईचा एकुलता एक. त्याच्याकडची वडीलधारी माणसं महबेंगीला मागणी घालायला आली. अमन महबेंगी म्हणाला, “देतो. पण मुलाने आमच्या घरी यायचं. घरजावई व्हायचं.” मुलगा म्हणाला, आईला एकटं कसं टाकू? मग नाही, असं उत्तर गेलं. पुन्हा माणसं आली, पुन्हा तेच उत्तर. लोकांना वाटलं माणूस ताठ आहे. खरी गोष्ट त्याने बायकोलाही सांगितली नव्हती. संध्याकाळी गाडी धुताना जी पोरगी पाण्याची बादली धरून दिवसभराच्या गप्पा सांगायची, ती गेली की अंगणात नुसती बादली उरणार, याची त्याला भीती वाटत होती. पण असं काही बापाने बोलायचं नसतं, म्हणून तो रीतीरिवाजाचं बोलला.

मग एका सकाळी महबेंगी कपड्यांचं बोचकं घेऊन गाडीत चढली. “अमा,” ती बापाला म्हणाली, “आत्याकडे चाललेय. कॉफी तोडायला आलीय, बायका कमी पडताहेत तिला.” त्याने बोचकं स्वतः टपावर टाकलं. पोरगी पुढे त्याच्या शेजारी बसली, वाटेत त्याला संत्रं सोलून दिलं. रुहदीच्या वाडीशी आल्यावर म्हणाली, “इथंच थांबवा.” त्याने थांबवली. टपावरून बोचकं उतरवून तिच्या हातात दिलं.

“आत्याचं घर पुढे आहे की गं.”

“माहितीये, अमा,” ती म्हणाली, आणि समोरच्या घराची पायरी चढून आत गेली. ते घर वाडीच्या इमामाचं होतं.

ह्याला वाटलं, काहीतरी निरोप द्यायचा असेल. थांबला. मग हॉर्न वाजवला. गाडीतल्या सगळ्यांना कळलं होतं, फक्त ह्याला सोडून. शेवटी मागच्या बाकावरून एम्पुन जामिन बोलली. ही म्हातारी रोज बाजारात गुळखोबऱ्याचे गुटेल विकायला यायची, आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. “अरे, हॉर्न कसला वाजवतोस? पोरगी इमामाची पायरी चढली तुझी. ती आता उतरायची नाही.”

त्या भागात ही एक जुनी रीत आहे. घरचे लग्न लावून देत नसले तर मुलगी कपडे घेऊन इमामाच्या घरी जाऊन बसते, आणि अमक्याशी माझं लावून द्या म्हणते. इमामाला तिला परत पाठवता येत नाही. लग्न रीतसर लागतं. पण मुलीच्या बापाचं नाक जे कापलं जातं ते पुन्हा जुळत नाही. ह्या बापाने तर स्वतः गाडी हाकून, स्वतःच्या हाताने बोचकं उतरवून दिलं होतं. बाजारात लोक आठवडाभर हसले. कोणीतरी म्हणालं, “पोरीला पळून जायला बापाची गाडी! पुढच्या वेळी आमच्या पोरीलाही ने बाबा, ओळखीतला आहेस.”

दुसऱ्या दिवशी तो होड्या रंगवणाऱ्यांकडे गेला. तळाशी उरलेला निळा रंग मागून आणला आणि गाडीच्या मागच्या नावावर फासला. रंग होडीचा, जाडाभरडा. खालची अक्षरं काही बुजली नाहीत. ऊन तिरपं पडलं की निळ्यातून फुगून वर यायची. पण लांबून पाहणाऱ्याला एक निळं ठिगळ दिसायचं, आणि त्याला तेवढं पुरेसं वाटलं.

मग स्टँडवरच्या कॉफीच्या टपरीत येऊन त्याने सगळ्यांदेखत सांगितलं, “आजपासून मला त्या नावाने कोणी हाक मारायची नाही.”

टपरीवाला अमन तावार गाळणीतून कॉफी ओतता ओतता थांबला. “मग काय म्हणायचं तुला?”

“काहीही म्हणा.”

“अमन इपाक म्हणू?” इपाक म्हणजे नुसतं मुलगी.

“म्हणजे पुन्हा तीच की!”

“दुसरं लेकरू नाही तुला. मग...” अमन तावारने इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “मग साबिरीन म्हणू का काय?”

टपरीत कोणी हसलं नाही. पन्नाशीच्या माणसाला त्याच्या बारशाच्या नावाने हाक म्हणजे ज्याला मूलबाळ नाही, जो अजून कोणाचा कोणी झाला नाही, त्याला मारायची हाक. साबिरीनने कॉफी अर्धी टाकली आणि उठला. त्यानंतर लोक त्याला ‘ओ ड्रायव्हर’ म्हणू लागले. चुकून जुनं नाव तोंडात आलं तर जीभ चावायचे, आणि ती जीभ चावणं त्याला हाकेपेक्षा जास्त झोंबायचं.

घरात तर दोन नावं झाली. त्याच्या बायकोने साफ सांगितलं, “तुम्ही तुमचं टाका. माझं मी टाकणार नाही. पोटात मी वाढवलंय तिला, गाडीच्या पाठीवर नाही. मी इनेन महबेंगीच राहणार, आणि तुम्हालाही अमन महबेंगीच म्हणणार. कानांत बोळे घाला हवं तर.” लग्नाची आमंत्रणं द्यायला येणाऱ्यांची पंचाईत व्हायची. बायकोचं नाव घ्यायचे आणि नवऱ्याकडे बघून “आणि... हे” म्हणायचे.

रुहदीचं घर रस्त्याला लागूनच होतं, इमामाच्या घरापासून चार उंबरे सोडून. दिवसातून जाता-येता साबिरीन तिथून जायचा. वाडी जवळ आली की मान ताठ करायचा आणि समोरच्या काचेखेरीज कुठेही बघायचा नाही. कोणी तिथे उतरायला म्हटलं तर वाडी ओलांडून, पुढच्या पुलाशी थांबवायचा.

शहराजवळ, त्याच रस्त्यावर पुकेसची गुहा आहे. लग्न होऊन सासरी निघालेल्या पुकेसला आईने बजावलं होतं, मागे वळून बघू नकोस. तिने बघितलं आणि ती दगड झाली, अशी गोष्ट. ती गुहा आली की एम्पुन जामिन मागून सुरू व्हायची. “बिचारी बघितलं म्हणून दगड झाली. आपला ड्रायव्हर बघत नाही म्हणून होतोय. कानटोपीपर्यंत आलाय दगड.”

“आजी, उतरवून देईन,” तो म्हणायचा.

“उतरव की. माणसांना दारात नेऊन उतरवायची सवयच आहे तुला.”

गाडी हसायची. तो गिअर बदलायचा. राग यायचा, पण रागाच्या खाली लाजच होती. त्या लोकांच्या भाषेत लाजेला ‘केमेल’ म्हणतात आणि पोरांना बोलायला लागताच तो शब्द शिकवतात. केमेल नसलेला माणूस म्हणजे मीठ नसलेला रस्सा, असं त्यांचं मत. साबिरीनला वाटायचं, आपल्यात केमेल आहे म्हणून आपल्याला एवढं लागतंय; पोरीत नव्हती म्हणून ती गेली. या हिशेबात काही चूक आहे असं त्याला वर्षभर वाटलं नाही.

त्याच वर्षाच्या मध्यावर बाजारातून बातमी आली की महबेंगीला दिवस गेलेत. बायको घरात तांदूळ निवडत गाणं म्हणू लागली. आणि साबिरीनच्या मनात एक विचार आला, जो आला तेव्हा त्याला फार शहाणपणाचा वाटला. मूल होईल. त्याचं नाव ठेवलं जाईल. मग सगळं गाव आपोआप मला एम्पुन अमुक म्हणू लागेल. पोरीच्या नावाची कटकटच मिटेल. मला कोणापुढे वाकायला नको, काही बोलायला नको. एक नाव गळून पडेल, दुसरं चिकटेल. म्हणजे त्याला नातवंड हवं होतं ते मांडीवर घ्यायला नाही, तर लाज पुसायला फडकं म्हणून. जनाची लाज त्याला पुष्कळ होती. मनाची अजून उगवायची होती.

मुलगी झाली. सातव्या दिवशी बाळाला पाण्यावर नेऊन पहिली आंघोळ घालतात आणि तिथेच नाव ठेवतात. त्या सकाळी इनेन महबेंगी ठेवणीतली काळी, नक्षीकामाची ओढणी घेऊन स्टँडवर आली. हातात नारळ, पांढरं कापड, अंड्यांची पिशवी. मागे शेजारणी, आणि त्यांच्यात एम्पुन जामिनही, गुटेलची टोपली बाजारात न नेता डोक्यावर घेऊन. सगळ्या त्याच्याच गाडीत चढल्या. कुठे जायचं ते कोणी सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही.

वाडी आली. आज मात्र त्याने पुलापर्यंत नेली नाही. बरोब्बर दारासमोर थांबवली. आपल्याला वाटलं तितकं कठीण गेलं नाही म्हणून तो थोडा खूशही झाला. बायका उतरल्या. बायको उतरताना एकदाच म्हणाली, “येताय?”

“गाडीजवळ कोणीतरी हवं,” तो म्हणाला.

त्याने गाडी पुढे झाडाखाली लावली, तोंड बिंतांगकडे. बायका बाळाला घेऊन तळ्याकडे उतरल्या, तसे आवाज येऊ लागले. बाळ मोठं झाल्यावर विजेच्या कडकडाटाला भिऊ नये म्हणून त्याच्या डोक्यावर पांढरं कापड धरून नारळ फोडतात. तो फुटल्याचा आवाज त्याने ऐकला. मग बाळ रडलं. बारीक, तापट रडणं. महबेंगी अशीच रडायची, टायर फुटल्यासारखी, आणि हे आठवल्यावर त्याचा हात आपोआप स्टिअरिंगवरून निघाला. मग इमामाचा आवाज चढला. आता नाव सांगणार. साबिरीनने कानटोपी कानावरून वर सरकवली. नेमका तळ्यावरून वारा आला, आणि नाव वाऱ्याबरोबर डोंगराकडे गेलं.

हरकत नाही, त्याने मनाशी म्हटलं. आता येतील आणि हाक मारतीलच.

बायका आल्या. पहिली चढली आणि म्हणाली, “चला, ड्रायव्हर.” दुसरी काहीच म्हणाली नाही. तिसरीने गुटेल दिलं. गाडी शहराकडे निघाली तरी कोणाच्या तोंडून एम्पुन आलं नाही. एरवी एका वेळी चौघी बोलणाऱ्या बायका आज हात मांडीवर ठेवून तळं बघत होत्या. त्याने आरशातून पाहिलं. शेवटी शेजारी बसलेल्या बायकोला हळूच विचारलं, “नाव काय ठेवलं?”

“कोणाचं?”

“बाळाचं.”

“तुम्ही कोण विचारणारे?”

“असं काय करतेस? मी...” आणि तो थांबला, कारण ‘मी’च्या पुढे लावायला त्याच्याजवळ काही नव्हतं.

इनेन महबेंगी समोर बघत म्हणाली, “पोरीने आम्हा सगळ्यांकडून वचन घेतलंय. म्हणाली, ज्याला माझ्या नावाची लाज वाटते, त्याच्या डोक्यावर माझ्या लेकीचं नाव ठेवू नका. उद्या ही कधी त्यांच्या मनाविरुद्ध वागली, तर हिच्या नावालाही निळा रंग फासतील.”

गाडीत कोणी हसलं नाही. एम्पुन जामिनसुद्धा नाही. तेच सगळ्यात वाईट होतं.

त्याने बराच वेळ गाडी चालवली. डाव्या हाताला तळं होतं, उतारांवर ताडपत्र्या पसरून कॉफी वाळत घातली होती, बायका ती दाताळ्याने परतत होत्या. त्यांतली एखादी ओळखीने हात करायची आणि त्याला वाटायचं, हिलाही नाव माहीत असणार. साऱ्या तळ्याला आपल्या नातीचं नाव माहीत आहे आणि आपल्याला नाही. मग त्याला वाटलं, असंच असायला हवं. सात दिवसांच्या पोरीला तिच्या आईला सांभाळावं लागतंय ते कोणापासून, तर आपल्यापासून. लाज पोरीत नव्हती असं आपण वर्षभर म्हणत होतो. ती खोटं बोलली ते एकदाच, आत्याचं. आपण तर मागणी आली तेव्हापासून खोटं बोलत होतो, रीतीच्या नावाने. त्याचा चेहरा तापला, कान तापले, आणि या वेळी बघणारं कोणी नसतं तरी ते तापलेच असते.

पुकेसच्या गुहेपाशी त्याने ब्रेक लावला. रस्ता अरुंद, एका बाजूला कडा, एका बाजूला पाणी. तिथे त्याने मागे-पुढे करत, घाम गाळत गाडी वळवली.

“अहो, कुठे?” वाटेत चढलेला एक मासळीवाला ओरडला. “घर आलं की! माझी मासळी नासेल!”

“नासू दे,” एम्पुन जामिन म्हणाली. “वर्षभर याचं नासलेलं तोंड बघितलंस ना? बस गप.”

दारासमोर गाडी थांबली. दार लोटलेलं होतं. तो उतरला, कानटोपी काढून खिशात घातली, पायरीपाशी उभा राहिला. मागे गाडीच्या सगळ्या खिडक्यांतून माथी बाहेर आली होती. त्याने दारावर टकटक केली.

“कोण?” आतून महबेंगीचा आवाज आला.

“मी.”

“मी कोण?”

तिने आवाज ओळखला होता, हे त्याला कळलं. तरी ती विचारत होती. जे नाव त्याने वर्षभर साऱ्या गावाच्या तोंडातून काढून घेतलं होतं, ते आता त्याला स्वतःच्या तोंडाने, तिच्याच दारात घ्यायचं होतं. तो पायरीकडे बघत म्हणाला, “अमन महबेंगी.”

“ऐकू नाही आलं.”

“अमन महबेंगी!” या वेळी आवाज इमामाच्या घरापर्यंत गेला, आणि मध्येच फाटला.

दार उघडलं. ती बाळाला छातीशी धरून उभी होती. वाळली होती थोडी. हसली नाही, रडलीही नाही. त्याच्याकडे बघायच्या आधी तिने त्याच्या खांद्यावरून गाडीकडे पाहिलं.

“मग ते नाव तिथे का नाही?”

त्याने खिशातली कानटोपी मुठीत धरली.

“तुम्ही माझ्या दाराकडे बघत नव्हता, अमा. मला ठाऊक होतं. पण गाडी पुढे गेली की पाठ मला दिसायची ना. रोज दिसायची. जाताना एकदा, येताना एकदा. ते निळं.” तिचा आवाज तेवढ्यापुरता हलला. “मी तर दारातच बसलेली असायचे.”

हे त्याच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. आपण मान वळवली नाही की सगळं झाकलं, असं त्याला वाटत होतं, आणि त्याची गाडी मात्र रोज पाठ फिरवून तिला तेच सांगत होती. तो मान खाली घालून वळला. हत्यारांच्या पेटीतून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि गाडीच्या मागे जाऊन खरवडू लागला. होडीचा रंग, पाण्यालाही दाद न देणारा. ढलप्या निघून पायांवर पडू लागल्या. प्रवासी एकेक करून खाली उतरले. मासळीवालाही उतरला. वाडीतली माणसं आली, इमाम आला. एवढ्या लोकांसमोर एवढी लाज त्याला आयुष्यात वाटली नव्हती, आणि या वेळी तिच्यापासून पळून जावंसं वाटत नव्हतं. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून ते तसंच वाहिलं.

महबेंगी पायरी उतरून जवळ आली. बाळ अजून तिच्याकडेच होतं. निळ्याखालून पहिलं लाल अक्षर वर आलं, मग दुसरं.

“नाव...” तो मागे न बघता म्हणाला.

“सगळी अक्षरं दिसू देत,” ती म्हणाली. “मग सांगते.”

त्याने जोर लावला. स्क्रू ड्रायव्हर घसरला आणि निळ्याबरोबर लालचाही एक टवका उडाला.

“अरे हळू,” एम्पुन जामिन मागून म्हणाली, आणि या वेळी तिच्या आवाजात थट्टा नव्हती. “हळू, अमन महबेंगी. खालचं नाव खरवडशील.”

त्याने स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवला आणि राहिलेला रंग नखांनी काढू लागला.